तीन कुलपं

पेटी पत्र्याची, निळी.
शाबानी लोहाराने ठोकून दिली
आणि मजुरी अजून मागतोय.
तिला कुलपं तीन.
एक किल्ली माझ्याकडे, एक झुवेनाकडे,
तिसरी बी तातूकडे,
जिला आकडे वाचता येत नाहीत
पण कुणाकडे किती थकलंय
ते भरती-ओहोटीसारखं तोंडपाठ.

बैठक दर गुरुवारी. वेळ मात्र चंद्र ठरवतो:
पाणी चढलं की आम्ही किनाऱ्यावर,
पाणी उतरलं की आत,
खुंट्यांना दोऱ्या, दोऱ्यांना शेवाळाची रोपं बांधत
कंबरेतून वाकलेल्या.
चोवीस जणी, चटया तीनच.
उशिरा आलीस, दंड. बोलता बोलता फोन वाजला, दंड.
दुसरीच्या नवऱ्याविषयी बोललीस, दुप्पट.
(या दंडातूनच मागल्या वर्षी
म्वानाखामीसच्या बाळाचं कफन आलं.)

कांग्याच्या टोकाची गाठ सोडताना
मी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही.
कुणाच्या गाठीत पाचशे शिलिंग, कुणाच्या दोन हजार,
कुणाच्या नुसत्याच सुरकुत्या.
पैसे मोजून झाले की
सगळ्याजणी मिळून शिल्लक मोठ्यानं म्हणतो,
पुढल्या गुरुवारपर्यंत
चोवीस डोक्यांत ती जपलेली राहावी म्हणून.
वही हरवू शकते. वही भिजू शकते.

एका रात्री माझा मकामे उठला,
उशीखाली हात घालून म्हणाला, दे.
मी दिली.
किल्ली दिव्यापाशी उलटीपालटी करून म्हणाला,
हिनं काय उघडतं?
म्हटलं, काहीच नाही.
बराच वेळ तसाच बसला.
मग, मला वाटतं, हसला.
किल्ली उशीखाली ठेवली. नीट ठेवली.

तीन वर्षांपूर्वी पाणी तापलं.
शेवाळ टोकांकडून पांढरं पडलं, मऊ झालं,
दोऱ्यांवरून गळून गेलं.
व्यापाऱ्याचा तराजू दोन हंगाम रिकामाच लोंबला.
एकजण कर्ज घेऊन रातोरात दार-एस-सलामला गेली.
तिचं नाव मी घेणार नाही;
तिची धाकटी बहीण अजून फेडते आहे
दगडांतून ओढून काढलेल्या ऑक्टोपसांनी,
आठवड्याला एक, कधी दोन.

तेव्हा बी तातू उठली.
म्हणाली, पाणी खोल आहे तिथं थंड आहे.
होडीत चौथा हिस्सा घेते. कर्ज द्या.
वय बावन्न. जामीन झुवेना आणि मी.
चटईवरून कुणीतरी विचारलं,
पोहता येतं?

कुणी काहीच बोललं नाही.
त्या शांततेत आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं:
चाळीस चाळीस वर्षं समुद्रात,
पण गुडघ्यापर्यंत.

मग शिकवणी. शिक्षक झुवेनाचा नातू, वय चौदा,
फी दर वेळी एक नारळ.
तेलाचे पिवळे रिकामे डबे काखेत बांधून
आम्ही पाण्यात उतरलो, अंगभर कपड्यांत, देवाचं नाव घेत,
एकमेकींना शिव्या देत.
वहीत नोंद आहे: पोहणे, अकरा नारळ,
आणि पुढे कंसात, एक बाकी.
कुणाची ते तातूला विचारा.

अकराव्या दिवशी तिने डबे सोडले.
पाठीवर पडली.
गळ्यातल्या दोरीची किल्ली
छातीवर, पाण्याच्या वर, चमकत होती.
आम्ही किनाऱ्यावरून ओरडत होतो,
श्वास घे, पाय हलव, अगं पाय!
तिचे ओठ हलत होते.
मला वाटलं, दुआ म्हणत असेल.
जवळ गेले तेव्हा ऐकू आलं:
चार लाख बारा हजार,
चार लाख बारा हजार,
गेल्या गुरुवारची शिल्लक,
ती विसरू नये म्हणून
हात पसरून, डोळे मिटून,
खोल पाण्यावर.

होडी अजून पुरती फिटलेली नाही.
शाबानीची मजुरीही.
आज पाणी चारला चढेल.
चटया झटकायच्या आहेत.